रायेखालचं पाणी

“झाडां पाणी पितत की देतत, ह्यां माका कोणीतरी एकदा सांगा रे!”

सगुण गावकर असं एकदा म्हणाले, ते बांध घालताना, गुडघाभर चिखलात उभे राहून. कुणा एकाला उद्देशून नाही. हातात ओल्या मातीचा गोळा होता आणि तो कुठे बसवायचा हे ते क्षणभर विसरले असावेत. भोवतालची माणसं हसली. एकजण म्हणाला, “झाडांचा म्हाईत नाय दादा, पण सांजचे आमी काय पितंव तां तुका म्हाईत आसा.” पुन्हा हसली. सगुणनी गोळा बांधात दाबला आणि वर डोंगराकडे पाहिलं. डोंगर तिथेच होता. पण तो तोच आहे, याची खात्री त्यांना अलीकडे वाटत नव्हती.

तुयेच्या पलीकडे, गोव्याच्या पेडण्यातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा वाडा, म्हणजे वस्ती. सगुण देवळाचे गावकर होते, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. वाड्याला देवाला काही विचारायचं असलं की जयराम गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवी. सगुण समोर उभे राहून प्रश्न मांडत. मग सगळे श्वास धरून बघत. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. प्रश्न मात्र सगुणनीच मांडायचा. दुसऱ्या कुणाच्या तोंडचा प्रश्न देव ऐकत नाही, अशी रीत होती.

एरवी सगुण बोलायला अडखळत. दुकानात साखर मागतानाही पहिलं अक्षर दोनदा यायचं. गाऱ्हाण्याला उभे राहिले की मात्र आवाज सरळ निघे, जसा नांगराचा फाळ ओल्या जमिनीतून जातो. भाषेच्या भांडणाच्या दिवसांत पणजीहून काहीजण टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि त्यांचं गाऱ्हाणं कोकणी म्हणून भरून घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात दुसरे आले, त्यांनी तेच मराठी म्हणून भरून घेतलं. सगुणनी दोघांनाही होय म्हटलं, दोघांनाही चहा दिला. दुसरी जीप गेल्यावर बायकोला म्हणाले, “रुक्मिणी, मी खंयच्या भाशेत बोलतंय गो?”

“माझ्याबरोबर खंयच्याच नाय,” रुक्मिणी म्हणाली.

डोंगराला एकच रान नव्हतं. माथ्यावर नुसता सडा, काळ्यातांबड्या कातळाचा, पावसाळ्यात गवताचा. पूर्वेकडच्या उतारावर देवाची राय, म्हणजे देवराई. तिच्यात कोयता न्यायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा आणायची नाही, चपला बाहेर काढायच्या. आत भर दुपारी संध्याकाळ असे. पानं वर्षभर हिरवी, आणि खाली पाचोळा इतका की पाऊल बुडे. पाऊस सुरू झाला तरी आत बराच वेळ कोरडं, आणि बाहेर पाऊस थांबला की आत थेंब पडायला लागत. पश्चिमेचं रान वेगळं. किंदळ, कुंभा, कुडा, मध्ये सरकारने कधीतरी लावलेला सागाचा पट्टा. हे रान उन्हाळ्यात पानं टाकून उघडं पडे. सागाखाली तर झुडूपही नसे. मोठ्या पानांवरून मोठे थेंब पडत आणि जमिनीला खळगे पाडत. सागाखालून वाहणारं पाणी तांबडं असे, रायेतून येणारं नितळ.

पाणीही दोन होती. रायेखालून एक झर येई, करंगळीएवढी. पावसाळ्यात फुगायची नाही, उन्हाळ्यात मरायची नाही. पश्चिमेकडून व्हाळ येई, आधी गर्जत, मग बोलत, मग कुजबुजत. दोन्ही खालच्या तळीत मिळत. पावसाळा सरला की वाडा एकत्र येऊन तळीच्या पुढे मातीचा आणि फांद्यांचा बांध घाली, पाणी अडवी आणि पाटाने शेतात नेई. त्या पाण्यावर वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. उरलेल्यावर पोफळीची कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा. बांध पुरा झाला की सगुण त्यावर उभे राहून गाऱ्हाणं घालत आणि पाणी यंदा कुठवर न्यायचं ते सांगत. त्यांनी सांगितलं तिथवर लोक भात लावत. तळीच्या भिंतीत दिव्याचा एक कोनाडा होता. चैत्रात पाणी त्या कोनाड्याच्या खाली गेलं की पोफळींचं पाणी बंद. दरवर्षी जाई.

गोवा राज्य व्हायच्या तीन वर्षं आधी वनखात्याने पश्चिमेचं रान कापायला काढलं. तिथे आकेशिया लावायचा होता. सगुण वाटेत जाऊन बसले. हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव बंड. दुपारी रुक्मिणी उंडो आणि चहा घेऊन आली आणि पाव तोडता तोडता म्हणाली, “बसा. पण सावलेत बसा. झाडां कापूच्या आदी तिचो तरी उपेग करून घ्या.”

“रान गेला काय पाणी गेला,” सगुण येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आवाज गाऱ्हाण्याचा होता. लोकांनी तो ऐकला आणि लक्षात ठेवला.

कापणारी टोळी चंदगडकडची. तिचा मुकादम केरबा, मिश्या पिळलेला, बोलका. त्याने सगुणना उठवलं नाही, शेजारी बसून विडी पेटवली. “मामा, तुमी बसा निवांत. आमी त्या बाजूनं सुरू करतो. तुमच्यापत्तूर पोचायला महिना लागंल, तवर तुमचा राग जाईल.” तसंच झालं. राग गेला नाही, पण पाठ धरली. सगुण घरी आले. रान पडलं.

पुढच्या चैत्रात वाडा तळीवर जमला आणि काठावरच थबकला. पाणी कोनाड्याच्या वर होतं. व्हाळ, जो या दिवसांत नुसता ओला दगड व्हायचा, तो वाहत होता. पावसाने काही विशेष केलेलं नव्हतं. रान नव्हतं आणि पाणी होतं, इतकंच.

रघुनाथ सगुणचा चुलत भाऊ, देवस्थान समितीचा अध्यक्ष. तळीखालचं सगळ्यात मोठं कुळागर त्याचं. त्याने तळीत हात बुडवला आणि वर काढून सगुणच्या तोंडासमोर धरला. “दादा, ह्यां काय? तेल?”

सगुणनी वाकून पाण्याखाली गेलेला कोनाडा हाताने चाचपला.

“रान गेला काय पाणी गेला! दादानू, पाणी खय गेला ता तरी दाखवा. बुडान मरूक नको आमी.”

केरबा आकेशियाचे खड्डे काढायला अजून डोंगरावरच होता. तोही उतरून आला. “मामा, पाणी वाढवून दिलं का न्हाई? आता एक नारळ माझ्या नावानं बी फोडा की.”

“तुमच्याकडे काय होता?” सगुणनी एकदम विचारलं. “झाडां तोडली काय पाणी वाढता?”

केरबा विचारात पडला. “आमच्याकडं निलगिरी लावली, हिर आटली. मग लोकांनी निलगिरी तोडली. तरी हिर आटलेलीच. आता कुणाला शिव्या द्यायच्या सांगा.”

सगुणना रात्री झोप लागली की नाही माहीत नाही; दिवसा मात्र ते जागे दिसत नसत. पाट साफ करता करता थांबत. पाण्यात काठी उभी करून बघत राहत, जसं ओळखीच्या माणसाचं नाव विसरल्यावर कुणी त्याच्या तोंडाकडे बघतो. शेवटी ते वनखात्याच्या रोपवाटिकेत गेले. तिथला साहेब तरुण होता, मराठी बोलणारा, आणि चांगला होता. त्याने त्यांना खुर्ची दिली.

“रान पाणी पितंही आणि साठवतंही,” साहेब म्हणाला. “पडलेला पाऊस थोडा पानांवरच अडतो, तिथूनच वाळून जातो. मुळं जमिनीतलं पाणी ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. तुमच्या उतारावर आता ओढणारं कुणी राहिलं नाही, म्हणून तळी वाढली.”

“म्हणजे रान वायट?”

“तसं नाही. पाचोळा, मुळं, मुंग्यांची बिळं, यांच्यामुळे तर माती सैल राहते आणि पाऊस आत मुरतो. उघडी पडलेली माती काही पावसांत घट्ट बसते. मग पाणी वरच्या वर पळून जातं.”

“मगे रान कापूचा काय ठेवूचा?”

“ते रानावर आहे. बारमाही हिरवी राय वेगळी, पानझडी रान वेगळं, साग वेगळा. आमचा आकेशिया आणखी वेगळा. तो भराभर वाढतो, म्हणजे पितोही भराभर.”

“आनी आमची राय? ती पिता जास्त काय देता जास्त?”

“मोजल्याशिवाय नाही सांगता येणार.”

“कोण मोजतलो?”

साहेब रोपांच्या पिशव्यांकडे बघू लागला.

सगुणना साहेबाचं प्रत्येक वाक्य कळलं. सगळी मिळून कळली नाहीत. घरी येऊन त्यांनी ती रुक्मिणीला सांगायचा प्रयत्न केला. तिचं माहेर डिचोलीतलं पाळी. तिच्या भावाच्या बावडीचं पाणी खाणीने नेलं होतं. खड्डा खोल गेला, पंप बसले आणि बावडीच्या तळाशी बेडूक फिरू लागले. “आमच्या थंय झाडां पिणारी नव्हती,” ती म्हणाली, “मशिनां पिणारी होती. पयल्या वर्सा खड्ड्यात पाणी लागला, तेव्हा लोक बघूक गेल्ले. देवान तळी दिली म्हणान भाऊ नारळ घेवन गेल्लो.”

“मगे?”

“मगे काय? नारळ खाल्लो.”

दुसऱ्या उन्हाळ्यातही पाणी कोनाड्याच्या वरच राहिलं. साहेबाच्या म्हणण्याप्रमाणे ते आता पळायला हवं होतं. पळालं नाही. सगुणचं म्हणणं खोटं ठरलं होतं, साहेबाचंही ठरताना दिसत होतं. आणि दिसत होतं ते पाणी. म्हणून त्या पावसाळ्यानंतर बांध पुरा झाल्यावर रघुनाथ म्हणाला, “दादा, वरची मळी पडीक आसा. पाणी थंय चढवया,” तेव्हा सगुण बांधावर उभे राहिले आणि गाऱ्हाण्यात वरच्या मळीचं, म्हणजे चढावरच्या शेताचं, नाव घेतलं. लोकांनी “होय महाराजा” म्हटलं. ज्यांच्याकडे बियाणं नव्हतं त्यांनी सोयऱ्यांकडून आणलं. सगुणनी स्वतःची वरची मळीही लावली. झाडं पितात की देतात, हे वाक्य त्यांनी उच्चारलं ते त्याच दिवशी, गाऱ्हाण्याच्या थोडंसं आधी.

त्या हिवाळ्यात भाषेसाठी रस्ते अडवले गेले, झाडं आडवी टाकून. वाड्यातली माणसं बाजारात जाऊन अडकत आणि चालत परत येत. भात वाढत होतं. डोंगरावर आकेशिया माणसाच्या डोक्यावर गेला होता, गडद, एकसारखा, पक्षी न बसणारा. त्याच्या पानांचा थर कुजत नव्हता, चामड्यासारखा पडून होता. मागच्या दोन पावसांत उघड्या उतारावरची माती खाली आली होती आणि तळीच्या तळाशी बसली होती. तळी भरलेली दिसे, पण काठी घातली की चिखल लागे. सरलेल्या पावसाळ्यात पाऊसही हात आखडून पडला होता. यातलं कुठलं कशाला कारण झालं, हे वेगळं काढता येत नाही. फाल्गुनात व्हाळ थांबला. सावकाश नाही, एकदम, बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसा.

वरच्या मळीचं भात दुधावर होतं. ते उभं वाळलं. मग खालचं वाळलं. लोंब्या चोळल्या की हातात भुसा येई. वाड्याने सगुणना शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक त्यांना पाहून बाजूला होत, जसे सुतकातल्या घराच्या माणसाला पाहून होतात.

रायेखालची झर चालू होती. करंगळीएवढीच. बायका तिच्याखाली कळशी लावून बसत. मे महिन्याच्या शेवटी गोवा राज्य झालं. तुयेच्या शाळेत पेढे वाटले, लाउडस्पीकर दोन दिवस गात होता. गाण्याच्या आवाजात कळशी भरायला लागणारा वेळ अधिकच लांबलेला वाटे.

त्या झरीकडे बघूनच रघुनाथच्या मनात विचार आला. तो दुष्ट नव्हता. त्याच्या पोफळी शेंड्याकडून पिवळ्या पडत होत्या, त्याच्या बापाने लावलेल्या. तो सगुणकडे आला, जनेलाशी, खिडकीबाहेरच, उभा राहिला आणि आत न येता बोलला.

“दादा, ऐक. पलीकडचा रान तोडला तेव्हा पाणी वाढला. खरां काय नाय?”

“खरां.”

“परत झाडां वाढली, पाणी गेला. खरां काय नाय?”

“खरां. पण माती...”

“माती रवांदी. येवढी मोठी राय, आनी पाणी करंगळीयेवढा! बाकीचा खय जाता? रायेची वरची बाजू मोकळी करूया. आकेशिया नको, काय नको. नुसती मोकळी. देवाची आसा म्हणान देवाक विचारूया. तू गाऱ्हाणां घाल. उजवी दिल्यान तर कापू, डावी दिल्यान तर मी परत नाव काडूचंय नाय.”

सगुण जनेलातून त्याच्याकडे बघत राहिले. रघुनाथच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते त्यांना सापडत नव्हतं. वाड्याने डोळ्यांनी पाहिलेलं तो सांगत होता.

“आनी पाणी वाढान मगे आटला तर?” शेवटी त्यांनी विचारलं.

“आता काय भरान वाहता?”

तो गेल्यावर रुक्मिणी चुलीपासून म्हणाली, “पाळीचो भाऊ असोच बोलायचो.”

“मगे त्येची चूक काय ती सांग.”

“माका म्हाईत असती तर मी गावकर झाल्ले असते,” ती म्हणाली.

पावसाळाभर सगुण रायेत जात होते. चपला बाहेर काढून, डोकं झाकून. बाहेर पाऊस पडून गेला की आत थेंब पडत ते ऐकत. दिवाळी होऊन गेल्यावरही एकदा गेले. पाचोळ्यात हात खुपसला. कोपरापर्यंत ओल होती, गार, मुळांच्या बारीक जाळ्यात धरलेली. त्यांनी मूठ भरून बाहेर काढली, पिळली. बोटांतून पाणी आलं. एक क्षण त्यांना बरं वाटलं. मग वाटलं, ही ओल कोणाची? खाली यायला निघालेली, की ही झाडं चैत्रापर्यंत पिऊन संपवणार ती? मुठीतलं पाणी बघून हे कळत नव्हतं. राय काही सांगत नव्हती. त्यांनी ती मूठ जिथून काढली तिथेच परत ठेवली आणि वरून पानं सारखी केली, जसं काही चोरी लपवायची होती.

बांध घालायच्या आधीच्या सोमवारी, सकाळी, वाडा देवळात जमला. बायका सभामंडपाच्या एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. जयराम गुरवाने मूर्ती धुतली, पाकळ्या ओल्या केल्या आणि चिकटवल्या. सगुणनी टॉवेल खांबाच्या खुंटीला अडकवला, हात जोडले आणि पुढे झाले.

“घाला गावकरानू,” जयराम म्हणाला.

सगुणनी श्वास घेतला. शब्द तयार होते, ते बापाकडून आलेले. बा देवा महाराजा, इथपर्यंत काही अडचण नव्हती. त्याच्यापुढे राय कापायची की ठेवायची हे म्हणायचं होतं. म्हणजे पाण्याचं विचारायचं होतं. म्हणजे कुठलं पाणी? या चैत्रातलं की दहा वर्षांनंतरच्या चैत्रातलं? देव हो म्हणाला तर कशाला हो म्हणाला? मागच्या वर्षी बांधावर त्यांनी वरच्या मळीचं नाव घेतलं होतं, आणि ते नाव घेताना आवाज जरासुद्धा कापला नव्हता. त्याच आवाजाची आता त्यांना भीती वाटली. तोंड उघडलं की तो सरळ निघणार, आणि मागची माणसं त्याच्यामागून जाणार.

तोंड उघडलेलं राहिलं. मागून कुणीतरी सवयीने म्हणालं, “होय महाराजा.”

दोघेतिघे हसले. रघुनाथ हलक्या आवाजात म्हणाला, “दादा, बोल. पाकळ्यो सुकतत.”

सगुण मूर्तीकडे बघत होते. गाभाऱ्यात समईच्या धगीने पाकळ्यांच्या कडा वळायला लागल्या होत्या. कुणी काही विचारलेलं नव्हतं. आणि उजवीकडची पाकळी सुटली, दगडावरून घसरली आणि खाली पडली.

“उजवी!” रघुनाथ ओरडला. “उजवी दिल्यान!”

“विचारल्याबिगर?” जयराम गुरव गोंधळून म्हणाला. “गाऱ्हाणां खय झाला? असां कधी दिल्यान नाय.”

“देवाक मनातला कळता. त्येका काय सांगूक लागता?”

“मगे माका पाकळ्यो लावूक कित्याक सांगितलंस?”

बायकांच्या बाजूने कुजबुज उठली. एक म्हातारा म्हणाला की ही सुकून पडली, ही धरायची नाही. दुसरा म्हणाला, सुकवली कुणी? देवानेच ना? जो तो दोन्ही बाजूंनी बोलू लागला. शेवटी सगळे सगुणकडे वळले.

रघुनाथ अगदी जवळ आला. त्याच्या आवाजात आता चढ नव्हता, विनवणी होती. “दादा, कौल झालो. आता नुसता तुझा तोंड लागता. विचारलंय असां म्हण. पाठी तरी म्हण. तुझ्या तोंडान झाला म्हणजे लोकांच्या मनात काय उरूचा नाय. माझ्या पोफळी मरतत रे.”

जयराम पाकळी हातात घेऊन उभा होता, ती परत लावायची की टाकायची हे न कळून. रुक्मिणी बायकांमधून पुढे आली होती आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. सगळ्यांची तोंडं पुढच्या “होय महाराजा”साठी अर्धवट उघडी होती.

सगुणनी जोडलेले हात सोडले. मूर्तीकडे पाहिलं, मग रघुनाथकडे, बराच वेळ, जसं काही त्याच्याच तोंडावर काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. माणसं आपोआप बाजूला झाली. त्या वाटेने ते उंबरठ्यापर्यंत गेले, आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले.